लाल रेघेची ट्यूब

१२ ऑगस्ट

नलिनीबाईंनी जानेवारीत दिलेली ही वही इतके दिवस ट्रंकेत कोरी पडली होती. आज काढली, कारण आज माझं डोकं फिरलं आहे.

सहामाही डोळेतपासणी झाली. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, रंगातले आकडे ओळखले, जवळचं बारीक वाचलं. सगळं बरोबर. तरी नर्सबाईंनी कार्डावर शेरा मारला, 'डोळे थकलेले. झोप अपुरी.' का, तर डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मी म्हटलं, "बाई, हे आमच्या घराण्यातच हाय. माझ्या मायला पण असंच हाय." त्या म्हणाल्या, "मला जे दिसतं ते मी लिहिते." माझंही काम तेच आहे.

कोळारच्या कारखान्यात मी इंजेक्शनच्या बाटल्या तपासते. बाटली काळ्या पाटीसमोर धरायची, हळू फिरवायची, मग पांढऱ्या पाटीसमोर. काचेचा कण, धागा, केस, काही तरंगताना दिसलं की लाल डब्यात. एका बाटलीला दहा सेकंद. आम्ही अकरा जणी आहोत, सगळ्या कंत्राटावर. फेब्रुवारीच्या तपासणीनंतर सहा जणींना कंपनी कायम करणार आणि बाकीच्यांचं कंत्राट मार्चअखेर संपणार. ज्यांचं कार्ड स्वच्छ त्यांना आधी, असं आमच्या इनचार्ज नलिनीबाईंनी आजच सांगितलं.

मी त्या सहांत नसले तर माझा भाऊ धनराजअण्णा मला इथे राहू देणार नाही. हुलसूरला माहेरीही ठेवणार नाही. सरळ आळंदला नवऱ्याकडे नेऊन सोडेल. त्या घरातून चार वर्षांपूर्वी मी लेकीला, स्नेहाला, कडेवर घेऊन अनवाणी निघाले होते. परत जायचं नाही. हे एक ठरलेलं आहे.

कारखान्यात जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरतात. लिहिताना चुकलं तर खरडून काढायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही, तारीख आणि कारण. ही वहीसुद्धा मी तशीच लिहीन.

२० ऑगस्ट

पावडर लावून वर्तुळं झाकली असती, पण कारखान्यात पावडर चालत नाही, काजळ नाही, टिकलीसुद्धा गेटवर काढून डबीत ठेवायची. चेहऱ्यावरचा एक कण बाटलीत गेला तर? म्हणजे झाकायचं नाही, बरंच करायचं.

मोबाइलवर एक बाई सांगते बटाट्याचे काप, दुसरी सांगते फ्रिजमधले चमचे. आमच्याकडे फ्रिज नाही, मी चमचे माठात टाकले. तिसरी म्हणते साय, चौथी म्हणते साय अजिबात नको. दुपारी पाळीवरून येऊन डोळ्यांवर बटाटा ठेवून आडवी झाले होते, तर माय दारात उभी राहून बघत राहिली.

"भाजी डोळ्यावर ठेवायलीस, मग कालवणात काय घालू?"

"माय, गप बस जरा."

"माझ्या आईला होते, मला हायत, तुला आले. कामून जीव जाळायलीस?"

मायचं काय जातंय? तिला कुणी कार्डावर शेरा मारत नाही.

२ सप्टेंबर

मोठ्या दुकानातून डोळ्यांखाली लावायचं जेल आणलं, टोकाला लोखंडी गोळी आहे. दुकानातली पोरगी खरं बोलली. म्हणाली, सकाळची सूज उतरेल, काळेपणा आठ-दहा आठवड्यांत थोडा कमी होईल, तोही झाला तर, आणि उन्हात जाताना तोंड बांधा. सूज खरंच उतरते. काळं आहे तसंच आहे.

१४ सप्टेंबर

कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवरच्या पप्पूअक्काचा चेहरा बघून मी चाटच पडले. तिची वर्तुळं माझ्यापेक्षा काळी होती, आता स्वच्छ. तिनं पर्समधून ट्यूब काढून दाखवली आणि महेशकुमारच्या मेडिकलचं नाव सांगितलं.

पाळी सुटल्यावर गेले. महेशकुमारनं न विचारता ट्यूब पुढे ठेवली. "हीच पाहिजे ना अक्का? तुमच्या कंपनीच्या सगळ्या बायका नेतात. आठ दिवसांत बिलकुल साफ."

"डोळ्याच्या खाली लावली तर चालंल?"

"तिथंच तर लावायची!"

मी तशी भोळी नाही. घरी येऊन ट्यूब खिडकीपाशी धरून आमच्या पद्धतीनं तपासली. मागची दुमड सरळ. बॅच नंबर ठसठशीत, तारीख दीड वर्ष पुढची. दाबून पाहिली, गळत नाही. टोपणाखालचं पातळ सील शाबूत. आणि खोक्यावर नि ट्यूबवर उभी लाल रेघ. ही रेघ साध्या क्रीमवर नसते, खऱ्या औषधावर असते. आमच्या बाटल्यांच्या खोक्यावरसुद्धा आहे. म्हणजे बाजारू माल नाही, औषध आहे. आतला कागद बारीक घडीचा होता, तो मायनं मिठाच्या बरणीखाली घातला.

ट्यूब तपासली. दोष नाही. पास.

२३ सप्टेंबर

फरक! नुसता फरक नाही, चेहराच बदलला. खालचं काळं गेलं, पापण्या गुळगुळीत झाल्या, जणू दहा तास झोपले. नलिनीबाई म्हणाल्या, "काय गं रेणुका, माहेरी जाऊन आलीस की काय?" इतकं बरं वाटलं की परत येताना स्नेहाला जिलबी घेतली. आता खाली लावते, पापणीवर लावते, सकाळ-संध्याकाळ.

२४ ऑक्टोबर

दिवाळीला हुलसूरला गेलो आणि ट्यूब इथेच विसरली. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी डोळ्यांभोवती आग आग, लाल चट्टे, आणि वर्तुळं आधीपेक्षा काळी. भाऊबीजेला ओवाळताना अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"नोकरी करून काय अवतार झालाय बघ तुझा. फेब्रुवारीपर्यंत थांबतो. मग आळंदला निरोप धाडतो."

"मी कायम होनार हाय, अण्णा."

"झालीस तर बोलू."

आल्या आल्या ट्यूब लावली. दुसऱ्या दिवशी आग थांबली. माझ्या कातडीला हिची गरज आहे हे त्यावरून कळलं. आता दिवसातून तीनदा लावते.

१८ नोव्हेंबर

पहाटेच्या बसमधून उतरताना गेटवरच्या दिव्याभोवती रंगीत कडं दिसलं, लाल, हिरवं, जांभळं. धुकं पडलंय म्हणून. मी पप्पूअक्काला दाखवलं तर ती म्हणाली, "कुठं धुकं?" तिला चांगलं काही दिसतच नाही. मी मात्र दोन मिनिटं उभी राहून बघितलं.

९ डिसेंबर

डाव्या भुवईच्या वर ठणकतं. थंडी बाधली असेल. महेशकुमारनं डोकेदुखीची गोळी दिली, ट्यूबही घेतली, ही पाचवी.

डाव्या खांद्याला काळंनिळं झालंय. खोलीची चौकट अरुंद आहे, परवापासून तीनदा आपटले. याच खोलीत चार वर्षं राहते आणि चौकट आता आडवी यायला लागली! स्नेहा रुसली आहे, कारण ती डावीकडे वही धरून उभी होती आणि मी म्हणे बघितलंच नाही. पोरींना नुसतं लक्ष पाहिजे असतं.

या वहीच्या रेघाही मागच्या पानांवर फिक्या छापल्यात. स्वस्तातली वही.

६ जानेवारी

आज पहिल्यांदा असं झालं. मी पास केलेल्या ट्रेमधल्या दोन बाटल्यांत फेरतपासणीला कण सापडले. नलिनीबाईंनी मला बाजूला घेतलं.

"तीन वर्षांत तुझ्याकडून एक सुटली नव्हती. काय झालं?"

"अक्का, माझ्या पाटीवरचा दिवा मंद झालाय."

त्यांनी लगेच मीटर मागवून उजेड मोजला. उजेड बरोबर निघाला. मीटर बिघडलं असणार. पण सगळ्यांसमोर ते आकडे वाचून दाखवले तेव्हा माझे कान तापले. उद्यापासून प्रत्येक बाटलीला चार सेकंद जास्त घेईन. मग ट्रे कमी होतील, मग वेगावरून बोलणी. काय करावं सुचत नाही. फेब्रुवारी आला की सगळं सुरळीत होईल.

११ फेब्रुवारी

पास!

नर्सबाई कलबुर्गीहून आल्या. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, थोडा वेळ लागला इतकंच. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "आता कसं ताजं दिसतंय." शेरा कोरा. कोरा!

मग बाटल्यांची परीक्षा. पन्नास चांगल्या बाटल्यांत दहा सदोष मिसळलेल्या असतात, त्या दहा काढायच्या. मी दहाच्या दहा काढल्या.

इथे खरं लिहायचं ठरलं आहे, म्हणून लिहिते. तो संच तीन वर्षांपासून तोच आहे, बाटल्यांच्या खुणा पाठ झाल्यात. एकीच्या झाकणाला चीर आहे, एकीच्या काचेवर तळाशी बुडबुडा. सात बाटल्यांतला कण मी बघितला. तिघींना नुसतं ओळखलं. कण दिसला नाही. दिवसभराच्या कामानं दमले होते, दुसरं काही नाही.

एक एप्रिलपासून कायम. अण्णाला फोन केला. तो नुसतं "बरं" म्हणाला. माय देवापुढे साखर ठेवून रडली.

२२ फेब्रुवारी

स्नेहाच्या कोपराला हळद लावून लिहायला बसले.

दुपारी स्नेहाला घेऊन चौबाऱ्याच्या चौकातून येत होते. ती माझ्या डावीकडे होती, हात धरलेला. मी दोन्हीकडे बघितलं. शपथेवर सांगते, बघितलं. रस्ता मोकळा होता. पाऊल टाकलं आणि ऑटो एकदम डावीकडून उगवली. स्नेहा किंचाळून मागे पडली, तिचं कोपर सोलून निघालं. ऑटोवाला उतरून ओरडला, "आंधळी हाय का? इतका हॉर्न मारायलोय!"

हॉर्न ऐकू आला होता. तो मला मागच्या गाडीचा वाटला, कारण डावीकडे काही नव्हतंच.

स्नेहा रडली नाही. घरी येऊन आजीला म्हणाली, "आजी, मम्मीला हिकडचं दिसत न्हाई. मी लई दिवस झालं बघायलेय." मी तिच्यावर ओरडले. मायनं भांडी घासायचं थांबवून माझ्याकडे बघितलं.

२५ फेब्रुवारी

स्नेहाच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं. पोरांचे डोळे तपासायला डॉक्टर हर्षिता आल्या होत्या. माझ्या लेकीनं स्वतःची पाळी आल्यावर सरळ सांगितलं, "डॉक्टर, आधी मम्मीचे बघा."

त्यांनी एक डोळा झाकायला लावून बाजूनं बोट आणलं. "दिसलं की सांगा." मी वाट बघत राहिले. त्या म्हणाल्या, "बोट हलतंय ताई." मग यंत्रावर हनुवटी ठेवून डोळ्यातला दाब मोजला. एकविसाच्या आत पाहिजे. डावा अडतीस, उजवा तीस.

"चेहऱ्याला काय लावता?"

मी जरा अभिमानानंच पर्समधून ट्यूब काढली. त्यांनी ती उलटसुलट केली, लाल रेघेवर अंगठा ठेवला.

"हे स्टेरॉइड आहे. खाजेला, इसबाला पाच-सात दिवस देतात, आम्ही लिहून दिलं तरच, म्हणून तर ही लाल रेघ. पापणीची कातडी इतकी पातळ असते की हे थेट आत झिरपतं. किती दिवस लावताय?"

"सप्टेंबरपासून. पण डॉक्टर, मी नजरेची परीक्षा पास झालेय. परवाच."

"तक्ता समोरच्या नजरेनं वाचतात. डोळ्यातला दाब वाढून तुमची बाजूची नजर गेली आहे, काचबिंदू म्हणतात याला. डोळ्यात मोतीबिंदूचीही सुरुवात आहे, म्हणून बारीक कण दिसत नाहीत. ट्यूब आज बंद. हे थेंब रोज, न चुकता. उद्या दवाखान्यात या."

"परत येईल ना?"

"मोतीबिंदूचं बघता येईल. बाजूचं गेलेलं येत नाही. राहिलेलं राखायचं."

"आणि वर्तुळं?"

हे मी खरंच विचारलं. विचारताना कळलं मी काय विचारतेय. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "ती घराण्यातली आहेत. त्यांनी तुमचं काही बिघडवलं नव्हतं."

२६ फेब्रुवारी

मिठाच्या बरणीखालचा कागद काढला. अक्षर मला लागेना. स्नेहानं बोट ठेवून इंग्रजीतलं एकेक अक्षर जोडत वाचलं, मग मला सांगितलं, "डोळ्याजवळ लावू नका, असं लिहिलंय मम्मी."

सहा महिने तो कागद आमच्या घरात होता. मी दिवसाला हजारो बाटल्या तपासणारी बाई. मी स्वतःला काय म्हणू? रडूही नका म्हणाल्यात डॉक्टर? नाही, तसं काही म्हणाल्या नाहीत. मग रडले.

२७ फेब्रुवारी

कुणाला सांगितलं नाही तर काय होईल ते मांडून बघितलं. डॉक्टर कंपनीला सांगणार नाहीत. कार्ड कोरं आहे. एक एप्रिलला सहीचा कागद मिळेल. एकदा कायम झाले की अण्णा बोलणार नाही, आळंद कायमचं मिटलं. थेंब घालत राहायचं. दुपारभर हे बरोबर वाटत होतं.

मग त्या तीन बाटल्या आठवल्या, नुसत्या ओळखीनं काढलेल्या. रोजच्या ट्रेमधल्या बाटल्या माझ्या ओळखीच्या नसतात. डिसेंबरपासून मी किती सोडल्या? त्या कुणाच्या दंडात जाणार? एखादं स्नेहाएवढं लेकरू असेल, कुठल्यातरी दवाखान्यात, आणि त्याची माय म्हणत असेल, भारी कंपनीचं औषध आहे, बघ लाल रेघ आहे.

माय म्हणाली, "काय करनार हैस?" मी म्हटलं, "मला आळंदला जायचं न्हाई, माय." ती म्हणाली, "ते मी इचारलं न्हाई."

२८ फेब्रुवारी

नलिनीबाईंना सांगितलं. सगळं, परीक्षेतल्या तीन बाटल्यांसकट. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुला कळतंय ना तू काय सांगतेयस? तुझी यादीतली जागा गेली."

"व्हय, अक्का."

"डिसेंबरपासून म्हणतेस? जानेवारीपासूनचा तुझा माल गोदामात आहे. डिसेंबरचा गेलाय." मग त्यांचा आवाज चढला. "तेव्हाच का नाही बोललीस? दिवा मंद आहे म्हणालीस! मी मीटर आणून उजेड मोजला, गं, तुझे डोळे मोजले नाहीत!"

माझ्यावर ओरडता ओरडता त्या स्वतःवरच ओरडत होत्या. त्यांनी लगेच वरती फोन लावला. मी दाराशी उभी होते. टिकलीची डबी हातात होती, ती कुठे ठेवायची ते सुचत नव्हतं.

६ मार्च

माझ्या नावाचा सगळा माल परत तपासला. गोदामातल्या मालात अकरा बाटल्या निघाल्या. डिसेंबरचा माल बाजारातून परत मागवायला कंपनीनं पत्रं धाडली. किती परत येतील कुणालाच माहीत नाही. नलिनीबाईंनी हे मला शांतपणे सांगितलं आणि पाठीवर हात ठेवला नाही. ठेवला असता तर मला सोसलं नसतं.

तपासणीवरून मला काढलं. नोंदीत 'स्वतःहून कळवलं' असं लिहिलंय, म्हणून हाकललं नाही. बाहेरच्या हॉलमध्ये खोकी घडी करायला घेतलंय, कंत्राटावरच, वर्षभरासाठी.

बसमध्ये मी उभी राहून सांगितलं. आधी सगळ्या हसल्या. मग पर्समधून एकेक ट्यूब निघाली. पाच होत्या. पप्पूअक्काची सर्वांत जुनी. ती म्हणाली, "मला तर सगळं दिसायलंय की." मी म्हटलं, "मला पण सगळं दिसायलंय असंच वाटायचं." तिनं ट्यूब पर्समध्ये परत ठेवली. उद्या तिला हाताला धरून डॉक्टर हर्षितांकडे नेणार आहे, शिव्या खाल्ल्या तरी.

१२ मार्च

अण्णा आला होता. दारातच म्हणाला, "कायम न्हाई झालीस. आता सामान बांध."

मी काही बोलायच्या आत माय उठली. आयुष्यभर ती त्याच्यापुढे बोलली नाही. "सामान कुनीबी बांधनार न्हाई. तिला तिथल्या भिंती पाठ न्हाईत, जावई मारायला उठला तर डावीकडून दिसनारबी न्हाई. इथं चौकट तरी वळखीची हाय." अण्णा खाली बसला. बराच वेळ माझ्या डोळ्यांकडे बघत होता, आणि या वेळी अवताराबद्दल काही बोलला नाही. चहा पिऊन गेला. जाताना स्नेहाला म्हणाला, "मम्मीच्या डाव्या हाताला चालत जा." ती म्हणाली, "म्या चालतेच की."

कातडीची आग आता कमी झाली आहे. वर्तुळं परत आली, चांगली काळीकुट्ट. सकाळी आरशापुढे उभी राहून उजवा डोळा झाकला आणि नुसत्या डाव्यानं बघितलं. बाजूचं सगळं करड्या धुरात, पण समोर डोळ्याखालचं वर्तुळ दिसलं. मायचं आहे तसंच. रोज असं बघायचं ठरवलंय. जोवर ते दिसतंय तोवर ठीक आहे.

खोकी घडी करण्याच्या हॉलमध्ये काजळ, पावडर, टिकली सगळं चालतं. टिकली लावली, बाकी काही नाही.

मग ही वही उलटली आणि १४ सप्टेंबर काढलं. शेवटचा शब्द 'पास'. त्यावर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला सही केली, आजची तारीख घातली. कारणाच्या जागी लिहिलं: तपासणारीनं दुमड बघितली, सील बघितलं, तारीख बघितली. आत काय आहे ते विचारलं नाही.